अल्को मालगाड्यांवरून उतरले, आता साइडिंगवरच्या डब्ल्यूडीएम-२ चं काय करायचं? (बडोदा)

साइडिंग_सुपरवायझर

बडोद्याजवळ कारखान्याची खाजगी साइडिंग आहे. लोको एकच. डब्ल्यूडीएम-२ जातीचा, म्हणजे अमेरिकी अल्को कंपनीच्या डिझाइनचा डिझेल, १६ सिलिंडरचं २५१-बी इंजिन, २६०० अश्वशक्ती, जुना डीसी मेन जनरेटर. आठवड्याला तीन-चार रेक (अख्ख्या मालगाडीचे जोडलेले डबे) होतात. ४२ वॅगनचा बीसीएन (बंद मालडब्यांचा) रेक यार्डातून घ्यायचा, २१-२१ चे दोन तुकडे करून शेडखाली लावायचे, भरले की जोडून परत द्यायचा. चढ फार तर ४०० ला १. वेग ताशी १० किमीच्या वर जात नाही.

आजवर पार्ट्सची फारशी फिकीर नव्हती. इकडे रतलाम, तिकडे वटवा, दोन्ही शेड अल्कोची. त्यामुळे नोजल टेस्ट करून देणारे, हेड लॅप करणारे, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणारा) उघडून बसवणारे लोक या पट्ट्यात सहज मिळायचे. आता मालगाडीवर अल्को दिसणंच दुर्मिळ झालंय, आणि पार्ट्सवाले "ऑर्डर द्या, मग बनवू" म्हणायला लागलेत.

विचारायचं आहे ते असं:

१) मालवाहतुकीतून अल्को कायमचे गेले का? गेले असतील तर नेमके कशामुळे? व्यवस्थापनाला दोन ओळींत सांगता आलं पाहिजे.
२) आणखी पाच-सात वर्षं लोको चालवायचा तर स्टॉकमध्ये काय धरावं?
३) रेल्वेचा बाद केलेला एखादा अल्को लिलावात घेऊन पार्ट्ससाठी उभा करणं शहाणपणाचं आहे का?

लक्षणं: नॉच (पॉवरची पायरी) वाढवताना काळा धूर बराच वेळ राहतो. पाणी रोज थोडं थोडं भरावं लागतं. इंजिन गरम झाल्यावर आयडलला (लोड नसताना नुसतं चालू) ल्युब ऑइल प्रेशर पूर्वीपेक्षा कमी दिसतं.

नॉच_आठ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुमच्या साहेबांना बहुतेक "इंजिन खराब होतं म्हणून रेल्वेने काढलं" असं वाटत असणार. तसं नाही.

बडोद्याची मुख्य लाइन तर कित्येक वर्षं तारेखालीच, म्हणजे विजेवर आहे. इथे डिझेल टिकलं ते सौराष्ट्र, कच्छ, राजस्थानकडून येणाऱ्या मालामुळे आणि फाट्यांमुळे. तिकडे तार नव्हती, म्हणून लोको डिझेल. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सगळी ब्रॉडगेज विजेवर न्यायला मंजुरी दिली, आणि त्यानंतर हे फाटे एकेक करून तारेखाली गेले. त्यात पश्चिम मालवाहतूक कॉरिडॉर आला. डबल स्टॅक (एकावर एक) कंटेनरची गाडी, आणि तीही विजेवर. म्हणजे दोन अल्को जोडून ओढण्याचं जे काम होतं ते कामच उरलं नाही.

दुसरं कारण पकडीचं. आकडे बघा:

डब्ल्यूडीएम-२: वजन ११२.८ टन, सुरुवातीची ओढ सुमारे ३०.४ टन.
डब्ल्यूडीजी-३ए (मालगाडीसाठीचा अल्को): वजन १२३ टन, ओढ सुमारे ३७.९ टन.
डब्ल्यूडीजी-४ (अमेरिकी ईएमडी कंपनीच्या डिझाइनचा): वजन १२६ टन, ओढ सुमारे ५४ टन.

वजनाच्या हिशेबात पहिला २७ टक्के ओढ देतो, दुसरा ३१, तिसरा जवळपास ४३. डब्ल्यूडीजी-४ मध्ये मोटारी थ्री-फेज एसी आहेत. चाक घसरायला लागलं की त्याच क्षणी टॉर्क छाटला जातो आणि लगेच परत दिला जातो. अल्कोच्या डीसी मोटारीत व्हील स्लिप रिले वाजेपर्यंत चाक फिरून गेलेलं असतं, मग पॉवर पडते, मग ड्रायव्हर पुन्हा नॉच घेतो. भरलेल्या रेकला, पावसात, चढावर हा फरक फार पडतो. १९९९ मध्ये डब्ल्यूडीजी-४ अमेरिकेतून आले तेव्हाच मालगाडीवरच्या अल्कोची उलटी गिनती सुरू झाली होती. तार नंतर आली.

तिसरं कारण शेडचा वेळ. अल्कोला दर काही आठवड्यांनी ट्रिप शेड्यूलला शेडमध्ये आणावं लागतं, ईएमडी नव्वद दिवस बाहेर राहू शकतो. शंभर लोको सांभाळणाऱ्या शेडला हे गणित रोज दिसत असतं.

आधी गेले ते तुमच्यासारखे डीसी जनरेटरवाले डब्ल्यूडीएम-२, ब्रश आणि कम्युटेटरच्या कटकटीमुळे. मग अल्टरनेटरवाले डब्ल्यूडीएम-३ए आणि डब्ल्यूडीजी-३ए मालगाडीवरून शंटिंग, खडीच्या गाड्या, रिलीफ ट्रेन अशा कामांवर सरकले. डब्ल्यूडीएम-३डी तुलनेने तरुण, त्यामुळे त्यांतले १० जुलै २०२० मध्ये बांगलादेशला दिले गेले आणि मे २०२३ मध्ये आणखी २०. डब्ल्यूडीजी-३ए च्याच सांगाड्यावर विजेचा लोको उभा करायचा प्रयोगही वाराणसीला झाला. डब्ल्यूएजीसी-३ म्हणतात तो, ५००० अश्वशक्तीचा एक, दोनाची जोडी १०,०००. जोडी धावली, पण त्याची रांग लागली नाही.

आणि आता दाहोदला ९००० अश्वशक्तीचे विजेचे मालवाहू लोको बनतायत. बडोदा-रतलाम लाइनवरचंच गाव. व्यवस्थापनाला तेवढं सांगितलं तरी पुरे.

खडखड

बडोद्याच्या प्लॅटफॉर्मवरून ओळखायचा असेल तर नंबरावरून: १३ हजारांचा दिसला तर डब्ल्यूडीजी-३ए, ११ हजारांचा डब्ल्यूडीएम-३डी, १२ हजारांचा दिसला तर तो अल्को नव्हेच, ईएमडी. नंबरामागे "आर" असेल तर पतियाळात रिबिल्ड झालेला. आणि नंबर वाचायच्या आतच नॉच घेताना आकाश काळं झालं तर मग काही वाचायची गरजच नाही.

गव्हर्नर

खडखड, धुराची मस्करी बरोबर आहे, पण साइडिंगवाल्यांनी तो धूर नैसर्गिक समजू नये. अल्कोत नॉच घेतल्याबरोबर फ्युएल रॅक उघडतं, टर्बो मात्र वेग घ्यायला काही सेकंद घेतो. तेवढा वेळ इंधन जास्त आणि हवा कमी, म्हणून काळा धूर. चार-पाच सेकंदांत तो विरळ व्हायला हवा. "बराच वेळ राहतो" म्हणजे हवा कमी पडतेय किंवा इंधन नीट फवारलं जात नाही. शोधायचा क्रम स्वस्तापासून महागाकडे ठेवा.

आधी एअर फिल्टर. खत, सिमेंट, कोळसा, यातलं काही साइडिंगवर असेल तर रेल्वेच्या शेड्यूलवर फिल्टर बदलून चालत नाही, निम्म्या मुदतीत बदला. मग एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे जोड: काजळीच्या काळ्या रेघा बाहेर दिसतात, तिथून टर्बोकडे जाणारा गॅस वाया जातोय. मग आफ्टरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा) हवेच्या बाजूने तेलकट धुळीने बुजलाय का. हे तिन्ही ठीक असतील तरच इंजेक्टर काढा. नोजल सुमारे ४००० पीएसआयला उघडलं पाहिजे, धुकं बारीक पडलं पाहिजे, आणि बंद झाल्यावर टोकाला थेंब लटकता कामा नये. लटकणारा थेंब हा तुमच्या तिसऱ्या लक्षणाचाही संशयित आहे, त्याकडे येतो. टर्बो शेवटी. इंजिन बंद केल्यावर टर्बो कानाने ऐका: सुरळीत घरघरत हळूहळू थांबला पाहिजे. दीड मिनिटाच्या आतच गप्प झाला किंवा घासल्यासारखा आवाज आला, तर बेअरिंग गेलंय, चालवू नका.

साइडिंगच्या अल्कोला आणखी एक रोग असतो जो मेन लाइनला कमी दिसतो. दिवसभर आयडल. आयडलला ४०० आरपीएमवर सिलिंडर गार राहतात, रिंगा लायनरला नीट चिकटत नाहीत, न जळलेलं डिझेल आणि ल्युब ऑइल एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये साचतं. मग एके दिवशी भरलेला तुकडा ओढायला एकदम पाचवा-सहावा नॉच घेतला की चिमणीतून ठिणग्या, कधी सरळ ज्वाला. हा प्रकार गंजीजवळ, कापडाच्या गोदामाजवळ किंवा टँक वॅगनजवळ झाला तर काय, ते सांगायला नको. लांब आयडलनंतर पहिल्या-दुसऱ्या नॉचवर काही मिनिटं लोड द्या, मग वर जा.

खर्चही बघा. १६ सिलिंडरचं अल्को आयडलला तासाला साधारण २५ लिटर पितं. दिवसाला सहा तास नुसतं उभं ठेवलंत तर १५० लिटर, महिन्याच्या २६ दिवसांत ३९०० लिटर. डब्ल्यूडीएम-२ ची टाकी ५००० लिटरची. म्हणजे काहीही न ओढता पाऊण टाकीहून जास्त! रेल्वेने लहान सहायक इंजिन बसवलं तेव्हा तेच काम तासाला ३ लिटरवर आलं. तुम्हाला ते नको असेल तर निदान बॅटरी चांगली ठेवा आणि इंजिन बंद करायला शिका. बहुतेक साइडिंगवर इंजिन बंद करत नाहीत त्याचं खरं कारण "परत स्टार्ट होईल की नाही" ही भीती असते. बॅटरी म्हणजे ८ व्होल्टचे आठ डबे, ६४ व्होल्ट. त्यातला एक सेल मेलेला असतो आणि त्याच्यापायी महिन्याला हजारो लिटर जळतं.

आता पाणी आणि ऑइल. रोज किती लिटर भरता ते लिहा. बाहेर गळती दिसते का? ऑइल ढवळल्यासारखं दुधट दिसतं का? हे कळल्याशिवाय पुढे बोलणं म्हणजे अंदाजपंचे.

हिशेबी

लोको ठेवायचा की बदलायचा हे ओढीच्या हिशेबाने ठरवा, नाहीतर कोणीतरी चकचकीत ब्रोशर दाखवून लहानसं यंत्र गळ्यात मारेल.

भरलेली बीसीएन ८१.२८ टन. २१ वॅगन म्हणजे १७०० टन. सुटताना टनाला ५ किलो धरा, ८.५ टन. ४०० ला १ चढाचे टनाला २.५ किलो, म्हणजे ४.२५ टन. लोकोचं स्वतःचं मिळून साडेतेरा टन ओढ लागेल. कोरड्या रुळावर डब्ल्यूडीएम-२ तीस टन देतो, म्हणजे दुपटीहून जास्त. पण रुळावर खताची ओली पावडर किंवा तेल असेल तर पकड निम्मी होते, पंधरा टन उरते. मग वाळूशिवाय सुटत नाही. सँडबॉक्स भरलेला आणि पाइप चाकासमोर नीट आहे का, हे पावसाळ्यात रोज बघा.

पूर्ण ४२ वॅगन त्याच चढावर? साडेसव्वीस टन. कागदावर जमतं, पावसात जमत नाही. म्हणून भरलेला रेक जोडून परत देताना जोडणी चढावर करू नका, सपाटीवर न्या.

उलट बाजूने बघा. वीस टन वजनाचा लोखंडी चाकांचा छोटा शंटर २५ टक्के पकडीने पाच टन ओढेल. म्हणजे भरलेल्या आठच वॅगन. रबरी टायरवर ओढणाऱ्या यंत्रांची पकड जास्त असते, पण त्यांना रुळाशेजारी सपाट पक्की जमीन लागते आणि वॅगनचे एअरब्रेक चार्ज करायला पुरेसा कॉम्प्रेसर लागतो. ब्रेक पाइपात ५ किलो, फीड पाइपात ६ किलो दाब (दर चौरस सेंमीला), तोही २१ वॅगनचा. हा प्रश्न विक्रेत्याला आधी विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर पुढचं बोलणं तिथेच थांबवा.

तुमच्या कामाला १४०० अश्वशक्तीचा सहा सिलिंडरचा डब्ल्यूडीएस-६ पुरला असता. तोही २५१ घराण्यातलाच, म्हणजे पार्ट्सचा प्रश्न तसाच राहतो, फक्त हेड सोळाऐवजी सहा.

तारेखाली

लिलावाबद्दल. घेऊ शकता, पण डोळे उघडे ठेवून.

रेल्वे बाद झालेले लोको ई-लिलावात काढते. अट एकच, "जसं आहे, जिथं आहे". फोटोत दिसणारा लोको आणि आतला लोको यात फरक असतो. चालू स्थितीतल्या वस्तू शेडने स्वतःच्या उरलेल्या अल्कोंसाठी आधीच काढून घेतलेल्या असू शकतात. बोली लावण्याआधी प्रत्यक्ष जाऊन बघायची मुभा असते, ती वापरा. टॉर्च, आरसा आणि चाकाचा व्यास मोजायची पट्टी घेऊन जा. बघायचं असं:

टर्बो जागेवर आहे का, की नुसतं पाइपाचं तोंड झाकलंय. सोळाही हेडवर इंजेक्टर आणि पंप आहेत का. क्रँककेसचे दरवाजे उघडे पडलेत का. उघडे असतील आणि एक पावसाळा गेला असेल तर क्रँकशाफ्टचा नाद सोडा, जर्नलवर गंजाचे खड्डे पडलेले असतात. चाकं: नवीन १०९२ मिमी, बाद १०१६ मिमी. १०४० च्या वर असतील तर तेवढ्यासाठीही लॉट घ्यावा, कारण साइडिंगवर चाक हळू झिजतं, तेवढ्यात तुमची पाच-सात वर्षं निघतील. ट्रॅक्शन मोटारी (चाकं फिरवणाऱ्या) मेगर करून, म्हणजे इन्सुलेशन मोजून बघायला देत नसतील तर निदान पिनियनचे दात आणि कम्युटेटर इन्स्पेक्शन कव्हरमधून बघा. आणि आधी विचारा की अल्टरनेटरवाला आहे की जनरेटरवाला. डब्ल्यूडीएम-३ए किंवा डब्ल्यूडीजी-३ए घेतलात तर त्याचा अल्टरनेटर, रेक्टिफायर, स्टार्टिंगची व्यवस्था तुमच्या लोकोला लागू नाही. तुमच्यात मेन जनरेटरच मोटार होऊन इंजिन फिरवतो. त्यांच्यात ऑक्झिलरी जनरेटर आणि एक्सायटर ते काम करतात. डब्ल्यूडीजी-३ए चा गिअर रेशो ७४:१८, तुमचा ६५:१८, म्हणजे त्याचा चाकाचा संच तुमच्या मोटारीसकट अदलाबदल होत नाही. एक चाक असं, दुसरं तसं लावलं तर मोटारी एकमेकींशी भांडत बसतात.

कामाला येतात ती हेड, लायनर, व्हॉल्व्ह, रॉकर, पंप, वॉटर पंप, ल्युब पंप, कॉम्प्रेसर, ब्रेकचे व्हॉल्व्ह. पिस्टन मात्र डोळे मिटून घालू नका. जास्त अश्वशक्तीच्या इंजिनांत कम्प्रेशन रेशो वेगळा ठेवलेला असतो. पार्ट नंबर जुळवा. एका इंजिनात दोन जातींचे पिस्टन म्हणजे क्रँकशाफ्टला न सांगता दिलेली शिक्षा.

नॉच_आठ

तारेखालींशी एका बाबतीत मतभेद. पार्ट्ससाठी अख्खा लोको घेणं बहुतेक वेळा महाग पडतं. ११३ टनांचं धूड, लाइनवरून ओढून आणायला फिटनेस लागतो, रस्त्याने आणायला तुकडे. आणि २५१ इंजिन जगातून संपलेलं नाही. ते जहाजांत आहे, वीजघरांत आहे, आपल्या शेजारच्या देशांत आहे, अमेरिकेत त्याचे हक्क फेअरबँक्स मोर्सकडे आहेत. ड्रॉइंग आहेत, साचे आहेत. हेड, लायनर, पिस्टन, रिंगा अजून काही वर्षं नवीन मिळतील, वाट बघावी लागेल एवढंच.

जे संपतंय ते वेगळं आहे. हेड बनवणारा मिळेल, पण हेडला पाण्याचा दाब देऊन तडा शोधणारा स्टँड कुठे आहे? क्रँक डिफ्लेक्शन (क्रँकशाफ्ट किती लवतो ते) वाचून मेन बेअरिंगचा अंदाज बांधणारा माणूस? पंपांचं कॅलिब्रेशन? टर्बोच्या रोटरचं बॅलन्सिंग? हे सगळं शेडच्या आवारात होतं, आणि शेड आता विजेच्या लोकोंकडे वळल्या. त्यामुळे स्टॉक करताना पार्ट्सइतकाच पैसा हत्यारांवर घाला. नोजल टेस्टर, मेगर, डिफ्लेक्शन गेज, टॉर्क रेंच, हेडच्या हायड्रो टेस्टचं फिक्स्चर. फिक्स्चर मकरपुरा जीआयडीसीत कोणीही चांगला फॅब्रिकेटर बनवून देईल, ड्रॉइंग बरोबर द्या.

स्टॉकचं म्हणाल तर माझा कौल असा: घासून-पुसून तयार चार हेड, दोन लायनर-पिस्टन संच रिंगांसकट, लायनरच्या रबर सीलचे पूर्ण संच निदान दोन इंजिनांचे, पण रबर जुनं होतं म्हणून पाच वर्षांचे एकदम घेऊ नका, इंजेक्टर आठ, पंप चार, हाय-प्रेशर पाइप सहा, वॉटर पंप एक, सीलचे संच तीन, एक टर्बो, सर्व्हिस करून पेटीत, एक गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा). मेन जनरेटरचे ब्रश दोन पूर्ण संच, एकाच ग्रेडचे. ट्रॅक्शन मोटार एक, आणि तिला कोरड्या जागी हीटर लावून ठेवा. क्रँकशाफ्ट स्टॉक करू नका. क्रँक गेलाच तर तो दिवस लोको बदलायचा आहे.

इलेक्ट्रिकलमध्ये एक गंमत लक्षात ठेवा. डब्ल्यूडीएम-२ मध्ये मोटारी आधी दोन-दोन सिरीजमध्ये, तीन जोड्या पॅरलल; वेग बराच वाढला की ट्रान्झिशन (जोडणीतला बदल) होऊन सहाही पॅरलल. तुमचा लोको १० च्या वर जातच नाही, म्हणजे ट्रान्झिशनचे कॉन्टॅक्टर वर्षानुवर्षं हललेलेच नाहीत. त्यांचे स्पेअर घेण्याऐवजी तेच काढून सिरीजवाल्यांसाठी वापरता येतील का ते रेटिंग बघून तपासा. झिजतात ते लाइन कॉन्टॅक्टर आणि रिव्हर्सरचे टिप. दिवसातून पन्नास वेळा पुढे-मागे.

साइडिंग_सुपरवायझर

सगळ्यांचे आभार. गव्हर्नर, तुम्ही विचारलेली माहिती: पाणी रोज १५ ते २० लिटर. रेडिएटर, पंप, होज, कुठेही बाहेर ओल नाही. ऑइल दुधट नाही, उलट पातळ वाटतं, आणि डिपस्टिकला पातळी कमी न होता किंचित वाढलेली. बाहेर गळती नाही हे बघून पाणी हेडमधूनच जातंय असं इथल्या मेकॅनिकचं म्हणणं. हेड कोणतं ते कळत नाही. सोळाही उघडायची का?

गव्हर्नर

सोळा उघडू नका. ऑइलची पातळी वाढतेय आणि पातळ होतंय, दुधट नाही, म्हणजे ऑइलमध्ये डिझेल उतरतंय. पाणी वेगळीकडे जातंय. हे दोन रोग आहेत, एक समजू नका.

आधी ऑइल, कारण ते जास्त धोक्याचं. नमुना लॅबला पाठवा: व्हिस्कॉसिटी, फ्लॅश पॉइंट आणि धातूंचं विश्लेषण, तिन्ही मागा. फ्लॅश पॉइंट पडला असेल तर डिझेल नक्की. तांबं-शिसं वाढलं असेल तर बेअरिंग बोलायला लागलंय, लोखंड वाढलं तर लायनर-रिंगा, सिलिकॉन म्हणजे फिल्टरमधून धूळ. सोडियम किंवा बोरॉन दिसलं तर कूलिंगच्या पाण्यातलं औषध ऑइलपर्यंत पोचलंय. मग हेड किंवा लायनर सीलचा संशय पक्का. नमुना इंजिन गरम असताना, चालू फिरत्या ऑइलमधून घ्या. संपच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) तळातून घेतलेला नमुना फसवतो.

तोपर्यंत आयडलचं प्रेशर रोज लिहा. ऑइल प्रेशर स्विच सुमारे १.३ किलो दाबाला इंजिन बंद करतो. तो बंद करायला लागला की काही लोक स्विच बायपास करतात. कृपा करून करू नका. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग तापलं, डिझेलची वाफ आधीच क्रँककेसमध्ये, मग दरवाजे उडतात. इंजिन स्वतःहून बंद पडलं तर क्रँककेस लगेच उघडू नका. किमान अर्धा तास थांबा, तास-दोन तास थांबलात तर आणखी बरं. आत गरम वाफ असताना हवा दिलीत की स्फोटाला लागतं ते सगळं जमलं.

डिझेल कुठून येतंय? इंजेक्शन पंपाची प्लंजर-बॅरल झिजलेली, किंवा ठिबकणारा इंजेक्टर. काळ्या धुराशीही हेच जुळतं. आयडलला एक्झॉस्टच्या प्रत्येक एल्बोवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा, सोळा आकडे लिहा. बाकीच्यांपेक्षा स्पष्ट थंड किंवा स्पष्ट गरम दोन-तीन निघतील. तेवढेच इंजेक्टर आणि पंप काढा. ऑइल बदलाल ते दोष काढल्यावरच. संपमध्ये ९१० लिटर मावतं, दोनदा बदलायची हौस परवडणारी नाही. आणि ईएमडीसाठी आणलेलं स्वस्त ऑइल कोणी देऊ केलं तर घालू नका. ईएमडीत चांदीचा मुलामा असलेलं बेअरिंग असतं म्हणून त्यांचं ऑइल झिंकविरहित बनवतात. अल्कोला अल्कोसाठी मंजूर असलेलंच.

आता पाणी. रात्रभर इंजिन बंद ठेवा, पाणी पूर्ण पातळीवर भरून. सकाळी स्टार्ट करायच्या आधी सोळाही सिलिंडरचे टेस्ट कॉक (सिलिंडरच्या आत उघडणारे छोटे नळ) उघडा आणि बारिंगच्या रॅचेटने इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. घाई नको. एक जण फिरवेल, दोघे दोन बाजूंना कॉककडे बघतील, हातात कोरडा पांढरा कागद. कॉकमधून नुसती फुसकी हवा यायला हवी. जिथे कागदावर पाण्याचे शिंतोडे पडतील तो सिलिंडर तुमचा. कागदावर पेन्सिलीने नंबर घाला, आर-३ (उजवीकडचा तिसरा), एल-६ (डावीकडचा सहावा), जो असेल तो. तेलाचा डाग पिवळट पसरतो, पाण्याचा डाग वाळला की औषधाची कडा राहते.

तेवढं एकच हेड उतरवा आणि हायड्रो टेस्टला टाका. तडा बहुतेक दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधल्या पुलावर असतो. तडा नसेल तर लायनर काढून सील बघा.

एकाही कॉकमधून पाणी आलं नाही, तर संशय आफ्टरकूलर किंवा टर्बोच्या पाण्याच्या जाकिटावर. टर्बोच्या एक्झॉस्ट बाजूचा ड्रेन उघडून बघा, तिथून पाणी ठिबकलं तर जाकिटाला भोक.

हे कॉक उघडून फिरवणं रोज सकाळी करायला हरकत नाही, निदान हा दोष सापडेपर्यंत. सिलिंडरमध्ये कपभर पाणी साचलेलं असताना बॅटरीने थेट क्रँक केलंत तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग तुमचा पाच-सात वर्षांचा बेत पाच-सात सेकंदांत संपेल.

साइडिंग_सुपरवायझर

समजलं. रविवारी रेक नाही, सकाळी कॉक उघडतो. कागद आणि थर्मामीटरचे आकडे दोन्ही इथे टाकतो. नमुना सोमवारी लॅबला जाईल.

गव्हर्नर

नमुना शनिवारीच घ्या, लोको काम करून आल्यावर गरम असताना. सोमवारी थंड इंजिनातून घेतलात तर उपयोग नाही. आणि रविवारी बारिंगला हात लावण्याआधी बॅटरीचा नाइफ स्विच काढून त्यावर पाटी लावा, चावी फिरवणाऱ्याच्याच खिशात. रॅचेट अडकवलेला असताना कॅबमध्ये कोणी स्टार्टचं बटण दाबलं, तर तो दांडा माणसाच्या हातात राहत नाही.